जुहू विमानतळ : टपाल, पाऊस आणि धावपट्टी यांचा एक प्रादेशिक इतिहास (1928 ते आजपर्यंत)

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात रेल्वे, कापड गिरण्या, बंदर व गोदी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत विमानवाहतुकीच्या आरंभाचा विचार इतिहासकारांनी अत्यल्प केलेला दिसतो. जे लेखन उपलब्ध आहे ते बहुधा जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्राच्या अंगाने झालेले असून विमाने ज्या जमिनीवरून उडाली त्या जमिनीकडे त्यात सहसा लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबईच्या जुहू विमानतळाचा इतिहास त्या जमिनीच्या, हवामानाच्या आणि टपाल व्यवस्थेच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बीडसारख्या जिल्ह्यातील अध्यापकाने मुंबईच्या समुद्रकाठच्या एका लहान विमानतळावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे. ज्या जिल्ह्याच्या मुख्यालयास पहिली प्रवासी रेल्वे मिळण्यासाठी 17 सप्टेंबर 2025 या दिवसापर्यंत वाट पाहावी लागली, त्या जिल्ह्यातही आता विमानतळाची चर्चा होत असते. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 कि.मी. लोहमार्गास मंजुरी मिळाली ती 1995 मध्ये. तीस वर्षे रुळांची वाट पाहणाऱ्या समाजाने धावपट्टीची मागणी करताना विमानतळ नेमका कशामुळे चालतो, हे इतिहासास विचारणे उचित ठरेल. हा प्रश्न विचारण्यास जुहूइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

खाजणातील मैदान

साष्टी बेटाच्या पश्चिम कडेवरील जुहू हे मुळात एक अरुंद, वाळूचे बेट होते. भरतीच्या वेळी ते मुख्य भूमीपासून तुटत असे. विलेपार्ले आणि जुहू यांच्या मधला सखल पट्टा म्हणजे खाजण, अर्थात भरतीचे खारे पाणी शिरणारी दलदलीची जमीन. शेतीस निरुपयोगी, वस्तीस गैरसोयीची, परंतु विस्तीर्ण आणि सपाट असलेली ही जमीन 1928 मध्ये विमाने उतरविण्यासाठी निवडली गेली. मुंबई शहराच्या बेटावर एवढी मोकळी जागा मिळणे तेव्हाही दुरापास्त होते.

ब्रिटिश सरकारने 1927 मध्ये नागरी विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि त्याच सुमारास दिल्ली, कलकत्ता, कराची, मुंबई येथे फ्लाइंग क्लब स्थापन होऊ लागले. 1928 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे जुहूचे मैदान हे या धोरणाचेच अपत्य होय. याच क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांपैकी तो क्रमांक एकचा परवाना होता.

येथे एका प्रचलित विधानाची छाननी करणे आवश्यक आहे. जुहूचा उल्लेख अनेकदा ‘भारतातील पहिला विमानतळ’ असा केला जातो. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. 18 फेब्रुवारी 1911 रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनी येथे विमानाने टपाल नेले होते. डच कंपनी के. एल. एम. चे बटाव्हियाकडे जाणारे विमान 1924 मध्ये कलकत्त्यास थांबले होते. म्हणजे विमाने उतरण्याच्या जागा देशात आधीपासून होत्या. जुहूचे वेगळेपण हे की लष्करासाठी नव्हे तर प्रथमपासून नागरी उड्डाणासाठी राखलेले आणि पुढे एका भारतीय कंपनीच्या नियमित सेवेचे केंद्र झालेले ते मैदान होते. एवढे मान्य केले तरी त्याचे महत्त्व पुरेसे आहे. त्यास अधिक अलंकार चढविण्याचे कारण नाही.

हीच दक्षता शिवकर बापूजी तळपदे यांच्या संदर्भातही पाळावी लागते. 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी सांगतोच. तिला समकालीन, विश्वसनीय पुराव्याचा आधार मिळत नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला अशा वेळी दिला जातो, त्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये केली. तो ग्रंथ 1904 पूर्वीचा नसून त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही इतिहासाच्या विद्यार्थ्याने कथा आणि पुरावा यांतील अंतर राखले पाहिजे. मुंबईच्या किनाऱ्यावरील विमानाचा खरा इतिहास काही कमी रोमहर्षक नाही.

एकाच किनाऱ्यावरील दोन घटना

जुहूच्या या पट्ट्यास राष्ट्रीय चळवळीचाही संदर्भ आहे. येरवडा कारागृहातून सुटका झाल्यावर 1924 मध्ये महात्मा गांधी विश्रांतीसाठी जुहूस राहिले होते. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला, स्वामी आनंद ही त्या छावणीतील प्रमुख मंडळी होती. ज्या किनाऱ्यालगत टाटांची विमाने घिरट्या घेण्यास शिकत होती, त्याच किनाऱ्यावर समुद्राचे पाणी आणून कायदेभंगाचे मीठ तयार होत होते.

या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध जोडता येत नाही. तथापि खाजणाची जमीन दोघींच्याही मुळाशी आहे. ज्या खारेपणामुळे तेथे पीक येत नव्हते, त्याच खारेपणामुळे ती जमीन मिठासाठी उपयोगी ठरली आणि त्याच खारेपणामुळे विमानांसाठी मोकळी राहिली.

टपालाचा करार

इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची साप्ताहिक सेवा 30 मार्च 1929 रोजी सुरू झाली. सुमारे सात दिवसांत लंडनचे टपाल कराचीस पोहोचू लागले. 1929 च्या अखेरीस ही सेवा दिल्लीपर्यंत वाढविण्यात आली, परंतु मुंबई आणि मद्रास या दोन मोठ्या इलाख्यांची टपालपिशवी कराचीहून रेल्वेनेच पुढे जात होती. हवेत वाचलेला वेळ जमिनीवर खर्च होत होता.

ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाने हेरली. त्याने कराचीहून मुंबईमार्गे दक्षिणेकडे टपाल नेण्याची योजना जे. आर. डी. टाटा यांच्यापुढे मांडली. टाटा समूहातील जॉन पीटरसन यांनी सर दोराबजी टाटा यांचे मन वळविले आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलास संमती मिळाली. सरकारकडून अनुदान मिळावे, अशी मूळ मागणी होती. जागतिक मंदीचे कारण देऊन सरकारने ती नाकारली. अखेर 1932 मध्ये करार झाला तो अनुदानाचा नव्हे, तर नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला देण्याचा. या कराराचे स्वरूप या निबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. सरकारने विमान कंपनीस पैसा दिला नाही, पण काम दिले. आणि ते काम दर आठवड्यास हमखास येणारे होते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून उड्डाण केले. सोबत सुमारे 25 किलो टपाल होते. अहमदाबादेस इंधन घेण्यासाठी विमान उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. दुपारी दोन वाजण्यास थोडा अवकाश असताना विमान जुहूस पोहोचले. तेथून व्हिन्सेंटने दुसऱ्या विमानातून टपाल पुढे नेले, बेल्लारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. बैलगाडी आणि विमान यांची ती भेट पुढे अनेकांनी गमतीने सांगितली आहे. वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नाही. नवी वाहतूक नेहमीच जुन्या वाहतुकीच्या खांद्यावर बसून येते. आमच्याकडे आगगाडीच्या स्थानकापर्यंत कापूस बैलगाडीनेच जात असे.

जुहूवरील व्यवस्था अतिशय साधी होती. झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक पूर्णवेळ वैमानिक, अर्धवेळ अभियंता, दोन शिकाऊ तंत्रज्ञ आणि दोन लहान विमाने, एवढा सारा पसारा. टाटा आणि व्हिन्सेंट गरजेप्रमाणे स्वतः विमाने चालवीत. रेडिओ नव्हता, दिशादर्शनासाठी होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारे रूळ व नद्या यांवर भिस्त होती. अशा अवस्थेत पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे 1,60,000 मैल उड्डाण केले, 155 प्रवासी आणि जवळजवळ पावणेदहा टन टपाल वाहिले आणि 60,000 रुपयांचा नफा मिळविला. प्रवाशांची संख्या पाहता हा नफा कोठून आला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आठवड्यास सरासरी तीन प्रवासी नेणारी कंपनी पत्रांच्या बळावर उभी राहिली.

पावसाळ्याचा प्रश्न

खाजणाची निवड सोयीची होती ती आठ महिन्यांपुरती. जून महिना लागला की जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. वरून पाऊस आणि समुद्राकडून भरती अशा कोंडीत चिखलावर विमान उतरविणे अशक्य होत असे. टाटांच्या सेवेने यावर जो उपाय शोधला तो उल्लेखनीय आहे. पावसाळ्यात साऱ्या सेवेचे बिऱ्हाड पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर, हलविले जाई आणि पाऊस ओसरला की परत जुहूस येई. घाटमाथ्याच्या पलीकडे पावसाचा जोर कमी, जमीन मुरमाड व कठीण.

ज्यांनी बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर पाहिले आहे, त्यांना हे बिऱ्हाड परके वाटणार नाही. अर्थात दोहोंची कारणे आणि परिस्थिती अगदी भिन्न आहेत, आणि ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणणे अनुचित होईल. परंतु भारतीय विमानवाहतुकीची पहिली वर्षे ऋतूनुसार जागा बदलीत काढली गेली, ही बाब पराक्रमाच्या वर्णनात हरवून जाते म्हणून येथे मुद्दाम नोंदविली आहे. विमानाची सेवा अखंड राहिली, मैदान मात्र बदलत गेले. सेवा आणि धावपट्टी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही.

दख्खनवरील मार्ग

कालांतराने मद्रासच्या मार्गावर बेल्लारीऐवजी हैदराबाद हा थांबा आला. 1935 मध्ये मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली. 1938 मध्ये साम्राज्यांतर्गत पत्रे विमानानेच नेण्याची योजना अमलात आली तेव्हा टाटांचा मार्ग कराचीपासून कोलंबोपर्यंत पोहोचला आणि टपालाचे वजन अनेक पटींनी वाढले. याच दशकात एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही दुसरी कंपनी जुहूहून काठेवाडातील संस्थानांकडे विमाने नेऊ लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी आपल्या राजधानीत विमानतळ उभारला. संस्थानिकांचा हा उत्साह केवळ हौसेचा नव्हता. राजधानी मुंबईशी जोडली जाणे हा प्रतिष्ठेचाही विषय होता.

नकाशावर मुंबईहून हैदराबादपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती बीड जिल्ह्याच्या दक्षिणेस, तत्कालीन उस्मानाबाद परिसरावरून जाते. बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यास स्वतःचे टपाल खाते व स्वतःची तिकिटे होती. मुंबई आणि हैदराबाद ही दोन शहरे आकाशातून जोडली गेली, तरी मधला मुलूख दोन्ही टोकांपासून पूर्वीइतकाच दूर राहिला. पुढे 1945 मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या सहभागातून डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली, तिचेही केंद्र हैदराबाद हेच होते.

सांताक्रूझचा उदय आणि जुहूची पीछेहाट

दुसऱ्या महायुद्धाने जुहूचे भवितव्य ठरविले. युद्धकाळात जुहूपासून अवघ्या दोनेक किलोमीटरवर, सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाने मोठ्या विमानांसाठी नवा तळ बांधला. व्हिन्सेंट याच युद्धात, 1942 मध्ये, इंग्लंड व भारत यांच्या दरम्यानच्या एका प्रवासात बेपत्ता झाला. 1946 मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत झाले. युद्धोत्तर काळातील डाकोटा आणि त्याहून मोठ्या विमानांना जुहूची धावपट्टी अपुरी पडू लागली. ती वाढविण्यास वावही नव्हता. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस वाढती वस्ती. 1948 पासून व्यापारी वाहतूक सांताक्रूझला गेली. 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन डेक्कन एअरवेज आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियासह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या.

यानंतर जुहूचे नाव जगाच्या वृत्तपत्रांत झळकले ते चुकून उतरलेल्या विमानांमुळे. 15 जुलै 1953 रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले. ऐन पावसाळ्यातील ही घटना. ते विमान हलके करून, नऊ दिवसांनी, पुन्हा उडविण्यात यश आले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डी.सी.-8 या विमानाने हीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. दोन विमानतळ इतके जवळ आणि धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी, तेव्हा ढगाळ हवेत वैमानिकाची फसगत होणे समजण्यासारखे आहे.

तरीही जुहू बंद पडले नाही, कारण त्यास पुन्हा एकदा नियमित काम मिळाले. 1974 मध्ये बॉम्बे हायच्या समुद्रात तेल सापडले आणि समुद्रातील तेलफलाटांवर माणसे नेण्या-आणण्याची गरज निर्माण झाली. 1985 मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीने जुहूस आपला प्रमुख तळ केला. तेलफलाटांकडील हेलिकॉप्टर वाहतुकीने 2003 आणि 2018 मध्ये भीषण अपघातही पाहिले. सुमारे 1,100 मीटरची धावपट्टी जेट विमानास तोकडी असली तरी हेलिकॉप्टरला ती पुरून उरते. आज भोवतालच्या वस्तीची तक्रार वेगळीच आहे. विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते आणि जुन्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास अडतो. ज्या जमिनीकडे कोणी फिरकत नव्हते, तिच्या शेजारच्या प्रत्येक चौरस फुटास आता किंमत आहे.

धावपट्टी असूनही

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. तेथील धावपट्टी 2,500 मीटर लांब, म्हणजे जुहूच्या दुपटीहून अधिक. कोकणच्या किनाऱ्यावरील लोकांची ती दीर्घकाळची मागणी होती. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली, योजनेची तीन वर्षांची मुदत 2024 मध्ये संपली आणि ती सेवाही थांबली. मराठवाड्यातील नांदेडचा अनुभव याहून फार निराळा नाही. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान उडाले. ती सेवा चालविणारी कंपनी 2022 मध्ये बंद पडली आणि नवी कंपनी येईपर्यंत, म्हणजे 2024 पर्यंत, चांगली धावपट्टी असूनही नांदेडकरांना विमान नव्हते. लातूर आणि उस्मानाबादच्या धावपट्ट्या 2009 मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे गेल्या, त्यांचीही कथा सेवेविना राहिलेल्या धावपट्टीचीच आहे.

1932 चा टपाल करार आणि 2017 ची उडान योजना यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात सरकार हे ग्राहक होते. दुसऱ्यात सरकार तिकिटाच्या तुटीचा भार ठराविक काळ उचलते आणि त्यानंतर प्रवासी आपोआप वाढलेले असतील असे गृहीत धरते. जुहूच्या पहिल्या वर्षीचे 155 प्रवासी लक्षात घेता, केवळ प्रवाशांवर विसंबून त्या काळीही सेवा टिकली नसती. बीड येथे धावपट्टी व्हावी की न व्हावी, हा या निबंधाचा विषय नाही. परंतु जेव्हा तो निर्णय होईल तेव्हा किती हेक्टर जमीन संपादित करावयाची, या प्रश्नाच्या आधी त्या विमानात दर आठवड्यास हमखास काय चढेल, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. शेतमाल, औषधे, रुग्ण, टपाल, काहीही असो. जमीन कोरडवाहू शेतकऱ्याची जाणार आहे, खाजणाची नव्हे.

जे. आर. डी. टाटा यांनी 1982 मध्ये, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या 78 व्या वर्षी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत लहान विमान पुन्हा एकट्याने आणले. 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली. त्याच्या तीनच महिने आधी, 15 ऑक्टोबर 2021 रोजी, आरोही पंडित या तरुण वैमानिक महिलेने त्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ जुहूवर विमान उतरविले. तिने उड्डाण केले ते मात्र कराचीहून नव्हे, तर कच्छमधील भुजहून.